अडीच इंचांवर पीळ

दि. ४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'झोप होते का' यापुढे जात नाही, तेव्हा पत्रच बरं, हे तुझं म्हणणं पटलं. शिवाय माझा फोन आला की बाबा उठून बाहेर जातात. तू काही बोलत नाहीस, पण मला दाराच्या कडीचा आवाज येतो.

ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, मुलगी काय करते, आणि तू सांगितलंस, दोरे बनवते. बरोबर सांगितलंस. पण पुन्हा कुणी विचारलं तर म्हणून नीट लिहिते. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, एकावर एक थर रचलेला कार्बन असतो. त्यातला एक थर सुटा केला की त्याला ग्राफीन म्हणतात. अशा थरांचे कोट्यवधी तुकडे आम्ही पाण्यात कालवून दाट काळा लगदा करतो आणि तो बारीक फटीतून दुसऱ्या द्रवात सोडतो. तिथे तो गोठतो आणि फितीसारखा चपटा, ओला धागा होतो. तो धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत घालायचा. भट्टीत हवा नसते आणि उष्णता जवळजवळ तीन हजार अंश असते. हवा नाही म्हणून तो जळत नाही, उलट आतले थर नीट जुळतात. असा धागा यंत्राच्या आतली उष्णता ओढून बाहेर काढतो, तांब्याहून कितीतरी जास्त, आणि वजनाला काहीच नाही.

मोठे तुकडे घेतले तर उष्णता झरझर जाते, पण मधे पोकळ्या राहून धागा कच्चा होतो. लहान घेतले तर धागा पक्का, पण उष्णता प्रत्येक सांध्यावर अडखळते. मी दोन्ही मिसळले. घरच्या फोटोत मोठ्यांच्या मधल्या जागेत पोरं बसवतात ना, तसं. हातभर तुकडा केला तर फार छान होतो, मजबूतही आणि तांब्याच्या दुप्पट उष्णता नेणाराही. पण तोच धागा लांब काढून, गुंडाळून भट्टीत घातला की उष्णता निम्म्यावर येते आणि हात लावला की तुटतो. लगदा तोच, भट्टी तीच. पाच महिने मी डोकं फोडते आहे.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी शेवटची एक भट्टी दिली आहे, २८ एप्रिलला. शंभर मीटर अखंड आणि चांगला धागा निघाला तर काम पुढे चालू. नाही तर काम बंद आणि माझी जागाही बंद. मी घर सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते की तीन वर्षांत बॅग घेऊन परत येशील. मे महिन्यात तीन वर्षं भरतात. हे त्यांना सांगू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे ते या वेळी खरं लिही. माझ्यावर रागावत जा, पण लिहीत जा.

तुझी,
भिंगरी

दि. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. मशीनचं पायडल मारताना कुरकुरतो, पण आता मशीन आणि गुडघा यांत कोण जास्त कुरकुरतं ते सांगता येत नाही.

तुझ्या बाबांना मी काही सांगितलेलं नाही. मी फक्त तुझं पत्र मोठ्याने वाचलं. ते पलीकडच्या खोलीत होते आणि मधलं दार उघडं होतं, त्याला मी काय करू? तीन हजार अंश वाचलं तेव्हा त्यांच्या पेपरची सळसळ थांबली. बॅग घेऊन परत येण्याचं वाचलं तेव्हा ते खोकले. जेवण झाल्यावर हात धुताना मला म्हणाले की धागा कुठेही तुटतो की ठरावीक अंतरावर तुटतो, हे कुणी मोजलं आहे का. मी म्हटलं, मला काय ठाऊक, तिला विचारा. त्यावर म्हणाले की आपण विचारलेलं नाही आणि तसं पत्रात लिही. तर लिहिते: त्यांनी विचारलेलं नाही. धागा ठरावीक अंतरावर तुटतो का, आणि लगदा ते भट्टी यांच्या मधे त्याला कोण कोण हात लावतं, एवढं कळव.

सूतगिरणीच्या सूत गुंडाळायच्या, वाइंडिंग खात्यात बत्तीस वर्षं मिस्त्री म्हणून काढलेला माणूस घरी बसला की घराचंच खातं करतो. माझी रिळं रंगाप्रमाणे नाही, दोऱ्याच्या जाडीप्रमाणे लावून ठेवलीत. आता निळा दोरा शोधायला मला अर्धा तास लागतो.

आणखी एक लिहिते, रागावू नकोस. तू जाताना दारात त्यांना म्हणालीस की सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. त्यांनी तुझ्यासाठी गिरणीच्या तपासणी विभागात शब्द टाकला होता, तू नको म्हणालीस, दोघांची तोंडं सुटली, ते मी समजू शकते. पण ते अजून एकच घोकतात, की ती म्हणच चुकीची आहे. जळलेल्या दोरीवर दिसतो तो नुसता आकार, फुंकर मारली की राख, पीळबीळ काही उरत नाही. तू अपमान केलास याचा राग आहेच, पण चुकीच्या म्हणीने केलास याचा जास्त आहे. तीन वर्षं मी हे ऐकते आहे. तुम्हा दोघांना एका पोत्यात घालून तोंड बांधावं असं वाटतं.

तुझं खोकल्याचं औषध संपलं असेल तर नवं आण. आमची आठवण असू दे.

तुझी,
आई

दि. १८ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दार बंद करून वाचायचं, हे सांगायला मी विसरले, चूक माझीच.

खरं सांगते, ते प्रश्न वाचून मला राग आला. सुताचा माणूस, याला आमच्या कामातलं काय कळणार, असं मनात आलं. ते प्रश्न फिजूल आहेत हे दाखवायलाच मी मोजायला बसले. मागच्या भट्टीतला धागा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत गेले. तर धाग्यावर दुमड आहे. कागद दुमडून पुन्हा उलगडल्यावर राहते तशी आडवी, तिरकी रेघ. तिथेच थर फाटतात, तिथेच तो तुटतो आणि उष्णताही तिथेच अडते. आणि दोन दुमडींमधलं अंतर प्रत्येक वेळी सहा सेंटिमीटर आणि तीन मिलिमीटर. बाबांच्या भाषेत अडीच इंच. चोवीस ठिकाणी मोजलं. पाच महिन्यांत मी लगद्यातले तुकडे मोजले, भट्टीतले अंश मोजले, हे अंतर मोजायचं मला सुचलं नाही. ते अडीच इंच कुठून आले, हे मात्र मला अजून कळत नाही.

मधे हात लावण्याचं असं आहे. ओला धागा अंगठ्याएवढ्या जाड काचेच्या नळीवर गुंडाळतो आणि नळीसकट धुतो. मग नळीवरून काढून भट्टीत टिकणाऱ्या काळ्या बॉबिनवर घेतो, आणि ती बॉबिन भट्टीत. एवढंच. सगळं मीच करते, दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही.

दिवस एकेचाळीस उरले. प्रमुख बाईंनी आज मला विचारलं की दुसरीकडे अर्ज केला आहेस का. चांगल्या मनाने विचारलं, म्हणून जास्त लागलं.

तू आहेस म्हणून बरं आहे.

तुझी,
भिंगरी

दि. २४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दार उघडंच होतं. नळीवर गुंडाळतो हे वाक्य संपायच्या आत हे उठले आणि माझ्या शिवणाच्या डब्यातून नवी निळी फीत काढली, न विचारता. झाडूचा दांडा घेतला, तो अंगठ्याएवढाच जाड आहे. त्यावर फीत सपाट गुंडाळली, दहा वेढे. मग झाडू उभा धरून मला सांगितलं की फितीचं टोक वरून ओढ. ओढली. फीत सुटून आली ती दोरीसारखी पिळून. मोजले, दहा पीळ. प्रत्येक वेढ्याला एक. मग पुन्हा दहा वेढे घेतले, झाडू आडवा धरून गरगर फिरू दिला आणि बाजूने ओढायला लावलं. फीत सपाट आली, एकही पीळ नाही.

मग त्यांनी ती पिळलेली फीत पट्टीवर ताणून पुन्हा सपाट गुंडाळली आणि वरून माझी इस्त्री फिरवली. जिथे जिथे पीळ होता तिथे फीत दुमडून चपटी बसली. अंतर मोजलं, एका वेढ्याइतकं. ती फीत पाकिटात घातली आहे. माझी चांगली फीत वाया गेली, जपून ठेव.

त्यांनी विचारलेलं नाही, पण विचारायचं असं: धागा काढताना तुझी काचेची नळी उभी असते की आडवी? फिरते की स्थिर? आणि तिच्या एका वेढ्याला किती धागा लागतो?

मला यातलं एवढंच समजलं की पीळ पडतो. झाडू हातात होताच, म्हणून त्यांना दोन्ही खोल्या झाडायला लावल्या.

दुसरीकडे अर्ज करायचा तर कर, पण आधी नळी बघ.

तुझी,
आई

दि. ३० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नळी उभी असते. स्थिर असते. एका वेढ्याला सहा सेंटिमीटर तीन मिलिमीटर. फीत धाग्याशेजारी ठेवून पाहिली, दुमड तशीच.

आता जे लिहिते ते दार सताड उघडं ठेवून वाच. नळी स्थिर ठेवायची हे ठरवलं मीच. सुरुवातीला ती खिळ्यावर फिरायची, पण फिरायला लागताना झटका बसून ओला धागा तुटायचा. मग मी ती उभी रोवली आणि धागा वरून ओढला. झटका नाही, तुटणं नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली, बाईंनी बैठकीत कौतुक केलं. मला हे कुठून सुचलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मी आठ वर्षांची असेन. बाबांनी मला खांद्यावर बसवून त्यांचं खातं दाखवलं होतं. बॉबिनींच्या रांगा उभ्या, आणि सूत वरून सरसर निघत होतं. मी विचारलं होतं की बॉबिन का फिरत नाही, आणि ते म्हणाले होते की ती फिरली तर सुताला झटका बसेल. ते मी इतकी वर्षं लक्षात ठेवलं आणि इथे जसंच्या तसं वापरलं. त्यांचं नाव घेतलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी चूक दाखवली असती.

मला वाटायचं की भट्टीत सगळे दोष निघून जातात. लहानसहान जातातही. पण घातलेला पीळ तीन हजार अंशांनाही गेला नाही.

आता अडचण अशी की नळी फिरवली तर पुन्हा झटका. मोटर लावून पाहिली, धागा इतका कच्चा असतो की तिचा वेग जरा चुकला की तुटतो. आठ वेळा तुटला. चार आठवडे उरलेत. बाबांना विचार. मी विचारायला सांगितलं आहे, असं सांगून विचार.

तुझी आणि त्यांची,
भिंगरी

दि. ६ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळी मी वाचलं नाही. म्हटलं, चष्मा लावा आणि स्वतः वाचा. त्यांनी वाचलं. मग खांद्यावरचा भाग पुन्हा वाचला. म्हणाले की तू आठ नव्हे, सात वर्षांची होतीस. पुढे म्हणाले की सूत आधीच पिळलेलं असतं, त्याला एखादा पीळ जास्त झाला तर कळतही नाही, पण फितीला चालत नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, सात वर्षांच्या पोरीला? म्हणाले, तिला समजलं असतं.

दोन दिवस न्हाणीघरातली बादली त्यांच्या ताब्यात आहे. उपाय असा. नळीची दोन्ही तोंडं घट्ट बुजव आणि ती आडवी पाण्यात सोड. पाण्यावर तरंगते, तिला ना खिळा ना मोटर. फुंकर मारली तरी फिरते, त्यामुळे झटका बसत नाही. त्यांनी रिकाम्या बाटलीवर माझी दुसरी फीत गुंडाळून एका केसाने ओढून दाखवली. केस माझा होता. तुटला नाही. धागा तुम्ही पाण्यात धुताच, मग तिथूनच गुंडाळून घ्या, असं म्हणाले. नळी इकडेतिकडे भरकटू नये म्हणून दोन बाजूंना दोन काड्या उभ्या कर, पण त्यांना चिकटू देऊ नकोस.

स्वतः लिहा म्हटलं, तर अक्षर चांगलं नाही म्हणाले. बत्तीस वर्षं गिरणीत पाळीचं रजिस्टर कुणी लिहिलं कोण जाणे.

नीट जेव. बाकी तुझ्या हाताला यश येऊ दे.

तुझी,
आई

दि. ३ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. आधी निकाल लिहिते.

पहिली नळी बुडाली. बूच गळकं होतं. दुसरीची तोंडं मेणाने बुजवली आणि ती तरंगली. बाई बघायला आल्या, तर मी वाकून पाण्यात काळा धागा सोडवत बसलेली. त्यांनी विचारलं की ही युक्ती कुठली. या वेळी मी सांगितलं की माझे वडील सूतगिरणीत मिस्त्री होते आणि त्यांनी घरच्या बादलीत करून पाहिलं आहे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

२८ तारखेला बॉबिन भट्टीत गेली. थंड व्हायला दोन दिवस लागले. आमचे भट्टीवाले काका कधी दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. त्यांनी झाकण काढलं, धाग्याचं टोक धरून हळूहळू उलगडत गेले आणि म्हणाले की संपतच नाही. एकशे बारा मीटर, अखंड. सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण लांबी पाहिली, एकही दुमड नाही. उष्णता तांब्याच्या अडीच पट नेतो. ताकद आधीच्या लांब धाग्याच्या तिप्पट. काल पत्र मिळालं, काम दोन वर्षं पुढे चालू आणि मीही.

तेव्हा मे महिन्यात मी बॅग घेऊन परत येत नाही. चार दिवस सुटीला मात्र येईन म्हणते, १६ तारखेला दुपारच्या गाडीने. घरात सगळ्यांना चालणार असेल तर.

सोबत लहान पाकीट आहे, ते बाबांना दे. त्यात दोन धागे आहेत. निळ्या कागदातला नवा. पांढऱ्या कागदातला मागचा, पिळाचा, तोही तीन हजार अंशांतून निघालेला. त्याच्यावर फुंकर मारून बघायला सांग.

दारात बोलले ते मी बोलायला नको होतं. हे म्हणीबद्दल नाही.

तुमची,
भिंगरी

दि. १० मे

चि. भिंगरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर लावून घे. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा आहे. तुझ्या आईला मी सामानाची यादी करतो आहे असं सांगितलं आहे. एवढी मोठी कसली यादी म्हणून ती दोनदा डोकावून गेली.

पांढऱ्या कागदातला धागा फुंकला. राख झाली नाही. खिडकीत नेऊन जोरात फुंकला, तरी नाही. भिंगाखाली पाहिला, पीळ जसाच्या तसा, अडीच इंचांवर. तेव्हा म्हण खरी आहे. मी पाहिलेलं सूत वेगळं होतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

मग मला वाटलं की उलटा फिरवून तो पीळ काढता येतो का पाहावं. सावकाश फिरवला. तुटला. रागावू नकोस, दोन्ही तुकडे ठेवले आहेत. तो ओला असतानाच काढायला हवा होता. वाळला, भाजला की मग जमत नाही. हे मी सुताच्या कामात लोकांना रोज सांगायचो.

तू गेलीस त्या दिवशी तू फाटकापाशी पोचायच्या आत मी निघायला हवं होतं. चपला घातल्या होत्या. मग काढल्या. हे तुझ्या आईला माहीत नाही. तीन वर्षांत परत येशील असं मी म्हणालो होतो, तेही तू यावंस म्हणून म्हणालो होतो, हरावंस म्हणून नाही. ते मला नीट सांगता आलं नाही. रजिस्टरात असलं काही लिहावं लागत नाही, त्यामुळे सवय नाही.

नवा धागा मात्र सुरेख आहे. एवढा सपाट धागा मी आमच्या खात्यात पाहिला नाही. त्याचं एक टोक चहाच्या कपात बुडवलं आणि दुसरं बोटांत धरलं. बोटांना काही कळलं नाही. एका धाग्याने कळायचंही नाही, एवढं मला समजतं. तरी चहा गार होईपर्यंत धरून बसलो.

१६ तारखेला स्टेशनवर मी येईन. तुझ्या आईचा गुडघा दुखतो आहे असं मी ठरवलं आहे, तेव्हा मी एकटाच येईन. येताना ती बुडालेली नळी आण, बूच कसं बसवलं होतंस ते मला पाहायचं आहे.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. माझा होताच. तुझा असावा.

बाबा